पाण्याचा नमुना

सासूबाईंनी पेला खिडकीतल्या उजेडासमोर धरला, मग नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "याला वास येतोय. भिजलेल्या गोणपाटाचा."

हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या घरात उच्चारलं गेलं असतं तर पेला विसळून पुन्हा भरला असता आणि विषय तिथेच संपला असता. पण मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार शाखेचा वरिष्ठ लिपिक आहे. शहरात कुणाच्याही पाण्याला कसलाही वास आला की त्याचं पत्र माझ्या टेबलावर येतं, आणि 'सदर पाण्याची तपासणी केली असता ते पिण्यास योग्य असल्याचे आढळून आले आहे' असं मी त्याला कळवतो. एकोणीस वर्षं कळवतोय. या मजकुराला आमच्याकडे 'नमुना चार' म्हणतात. नमुना एक ते तीन काय होते हे आता कुणालाच आठवत नाही, आणि कुणाचं काही अडलेलंही नाही. तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच नळाच्या पाण्याला गोणपाट म्हणणं हा मला सगळ्या खात्याचा अवमान वाटला. खातं त्या वेळी तिथे हजर नसल्यामुळे तो मी स्वतःलाच लावून घेतला.

"आई, हे पाणी शुद्ध असतं," मी शक्य तितक्या थंडपणे म्हणालो. "थोडा क्लोरीनचा वास येतो, एवढंच."

"जावईबापू, चौतीस वर्षं इस्पितळात काढली मी. क्लोरीन मला शिकवू नका."

हे खरं होतं. सासूबाई मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. त्यांची पावलं वाजली की डॉक्टरसुद्धा खिशातले हात बाहेर काढत, असं सांगतात. आता निवृत्त झाल्या असल्या तरी घरात शिरल्या की पहिल्यांदा पलंगाच्या चादरीचे कोपरे बघतात. आमच्या चादरीला चार कोपरे आहेत हे मला त्यांच्यामुळेच कळलं.

त्या आल्या होत्या त्या नातीसाठी. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीचं पोट महिनाभरात तिसऱ्यांदा बिघडलं होतं. डॉक्टरांनी औषध दिलं की चार दिवस बरं वाटायचं, आठव्या दिवशी पुन्हा पोट धरून कोपऱ्यात. बायकोने तिच्या फ्रॉकचा पट्टा एकदा आत घेऊन शिवला होता आणि परवा पुन्हा सुई-दोरा काढताना मी पाहिलं होतं. त्या वेळी मी पेपर वर धरला होता. पेपर कधी वर धरावा हे सरकारी नोकरीत शिकायला मिळतं.

वासाची बातमी संध्याकाळपर्यंत जिन्याने वरखाली फिरून आली आणि सल्ले सुरू झाले.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पाणी उकळा. नुसतं उकळू नका, पंचवीस मिनिटं खळखळ उकळा, आणि बुडबुडे मोठे हवेत, छोट्या बुडबुड्यांनी जंतूंचं काही होत नाही, त्यांना उलट शेक मिळतो. तळमजल्यावरच्या शिंप्याने तुरटी सांगितली. वहिनींना तुरटी मान्य नव्हती आणि शिंप्याला उकळणं मान्य नव्हतं. दोघांची जिन्यात गाठ पडली तेव्हा मला मध्ये उभं राहून दोन्ही पक्षांना मान डोलवावी लागली. बायको शाळेत चित्रकला शिकवते. तिने कुठूनतरी मातीच्या कांडीचा जुना फिल्टर मिळवला, आणि कोळशाची पुरचुंडी पाण्यात सोडायची कल्पनाही तिचीच.

शेवटी आले मीटरकाका. मीटरकाका म्हणजे आमच्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता मोजायला जमीन उरली नाही म्हणून पाणी मोजतात. त्यांच्याकडे पेनासारखं एक यंत्र आहे. ते पाण्यात बुडवलं की आकडा येतो. ते त्यांनी चहात बुडवलेलं मी पाहिलं आहे, फुलदाणीत पाहिलं आहे, आणि एकदा एका पाहुण्याच्या सूपमध्ये बुडवल्यावर पाहुणा उठून गेलेलाही पाहिला आहे. त्यांनी आमच्या पेल्यात पेन घातलं आणि चेहरा उजळला.

"दोनशे दहा! अहो सेक्रेटरी, पाचशेच्या आत म्हणजे डोळे मिटून प्यावं!"

(मी समितीचा सेक्रेटरी आहे. निवडणूक झाली नव्हती. त्या दिवशी मी बैठकीला गेलो नव्हतो, म्हणून झालो.)

"हे काय मोजतं?" सासूबाईंनी विचारलं.

"पाण्यात विरघळलेले क्षार."

"आणि जंतू?"

मीटरकाकांनी पेन पुसलं. "जंतू यात येत नाहीत," ते म्हणाले. पण हा दोष जंतूंचा आहे अशा सुरात म्हणाले. मग त्यांनी स्वतःचा उपाय सांगितला, तो म्हणजे ऊन. पारदर्शक बाटल्यांत पाणी भरून सहा तास गच्चीवर कडक उन्हात आडव्या ठेवायच्या. त्यासाठी त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच गच्चीत खास काळी, मोठी, गोल थाळी मांडली होती. मी स्वतः माझ्या सहा बाटल्या तिच्यावर नेऊन ठेवल्या. काळा रंग उष्णता कशी धरतो हे त्यांनी मला समजावून सांगितलं आणि मीही थाळीचं मनापासून कौतुक केलं. जमिनी मोजणाऱ्या माणसाला एवढं विज्ञान कळतं याचं मला नवल वाटलं होतं.

सर्वांचंच ऐकायचं असं मी ठरवलं. त्यात कुणाचं मन दुखत नाही. सकाळी पाण्यात तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढून उकळायचं, गार करायचं, चार पदरी फडक्यातून गाळायचं, कांडीच्या फिल्टरात ओतायचं, कोळसा दाखवायचा, बाटल्या भरायच्या आणि गच्चीवर न्यायच्या. एकूण अकरा तास. सकाळी लागलेली तहान संध्याकाळी भागत असे. बायकोने रंगीत अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, 'आजचं', 'कालचं', 'उकळायचंय', 'उकळलंय पण बघून'. या सगळ्यात तुरटीचं दाट द्रावण असलेली बाटली बिनचिठ्ठीची राहिली आणि ती एका सकाळी ऑफिसला जाताना मी डब्यासोबत नेली.

दुपारी कडकडून तहान लागली म्हणून अर्धी बाटली घशाखाली उतरवली, आणि त्याच क्षणी साहेबांचा फोन आला. तोंडाचा अगदी बटवा झाला होता, नाडी ओढलेला. साहेब विचारत होते, अहवाल तयार आहे का? मी म्हणालो, "ऊंउ." कधी देताय? "ऊंफू." साहेबांनी फोन ठेवला आणि तिसऱ्या माणसाकडून निरोप पाठवला की नाराजी असेल तर लेखी द्यावी.

एवढं करूनही पाण्याचा वास गेला नाही. फरक इतकाच की आता तो उकळलेल्या गोणपाटाचा येत होता. आणि लेकीचं पोट चौथ्यांदा बिघडलं, कारण नऊ वर्षांच्या मुलीची तहान अकरा तास थांबत नाही. ती आमची नजर चुकवून सरळ नळाला तोंड लावत होती.

त्या आठवड्यात शुद्धीकरण यंत्राचा विक्रेता आला. त्याला कुणी बोलावलं हे अजून कळलेलं नाही. टाय, चकचकीत बॅग आणि आपल्या आजाराची चौकशी करायला आल्यासारखा चेहरा. त्याने टेबलावर दोन पेले मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. मग वायरीच्या टोकाला लोखंडाच्या कांड्या असलेलं एक उपकरण दोन्हीत सोडून बटण दाबलं. त्याच्या पेल्यात काही झालं नाही. आमच्या पेल्यात मात्र आधी पिवळट, मग तपकिरी आणि शेवटी शेवाळी चिखलासारखं काहीतरी उसळून वर आलं.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. एकोणीस वर्षांचे नमुना चार डोळ्यांसमोरून गेले.

"हे तुम्ही रोज पिता," विक्रेता हळुवारपणे म्हणाला. "आमच्या यंत्रात सात टप्पे आहेत. सहाव्या टप्प्यात पाणी जिवंत होतं."

"मेलेलं पाणी मी अजून पाहिलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. त्या उठल्या, मिठाची बरणी घेऊन आल्या आणि त्याच्या शुद्ध पेल्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळलं. "आता दाबा बटण."

"बाई, तसं करता येत नाही, कंपनीचा नियम..."

"दाबा."

त्याने दाबलं. सासूबाईंचा हा तोच आवाज होता ज्याने चौतीस वर्षं लोकांना एनिमा दिले होते. बघता बघता त्याचा पेला आमच्या पेल्यापेक्षाही तपकिरी झाला.

"क्षार असले की वीज वाहते आणि तुमची लोखंडी कांडी गंजून पाण्यात उतरते," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून ते स्वच्छ दिसलं. हा गंज आहे गंज, घाण नाही. पोरीच्या पोटात काय जातंय ते याने दिसत नाही. निघा आता."

तो निघाला. मला हायसं वाटलं. खात्याची अब्रू वाचली होती आणि तीही फुकट. मी तसं बोलून दाखवलं ही चूक झाली.

"अब्रू वाचली, वास नाही गेला," सासूबाई म्हणाल्या. "खात्याला कळवा."

"आई, या बाबतीत खातं म्हणजे मीच."

"बरं. मग तुम्हाला कळवते."

मला वाटलं, रागात म्हणाल्या. पण चौथ्या दिवशी आवक टपालात आमच्याच पत्त्यावरून आलेलं पाकीट निघालं. ठळक, उभं, औषधाच्या पट्टीवर लिहिल्यासारखं अक्षर. पाण्याला वास, मुलीचे आजारपण तारखांसह, आणि शेवटी एक ओळ, 'घरात खात्याचा एक कर्मचारी राहतो, परंतु त्याचा या कामी उपयोग झालेला नाही.'

वाचकहो, अशा वेळी माणसाने काय करावं? तक्रार खरी मानली तर जागेवर तपासणी लावावी लागते. तपासणी लागली की सगळ्या शाखेला कळतं की तक्रारवाल्याच्याच घरात तक्रार. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी निवृत्त होईपर्यंत मला पाण्याचा ग्लास देताना नाक धरणार, हे मला लख्ख दिसलं. मी पाकिटावर क्रमांक टाकला, हात सवयीने खणाकडे गेला, नमुना चार बाहेर आला, आणि मी सही केली. पत्र टपालात पडेपर्यंत मला वाईट वाटलं. पडल्यावर बरं वाटलं.

शनिवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना ते घरी पोचलं. सासूबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर पाण्याची तपासणी केली असता...' कुणी केली?"

"तसं लिहायचं असतं, आई."

"'...ते पिण्यास योग्य असल्याचे आढळून आले आहे.' कुणाला आढळलं?"

"तसा नमुना आहे."

"'आपला विश्वासू.'" त्यांनी चष्मा काढला. "आणि खाली तुमची सही. विश्वासू!"

बायको ताटाकडे बघत होती. लेकीसमोर मऊ भात होता, त्यात ती बोटाने रेघा ओढत बसली होती. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे मी आजारी नाहीये का?"

यावर नमुना नव्हता.

सोमवारी सासूबाई ऑफिसात आल्या. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात तारखांचा कागद. शिपायाने त्यांना अडवलं नाही, उलट दार उघडून धरलं. साहेब उभे राहिले. साहेब मंत्री आले तरी अर्धेच उठतात. पंधरा मिनिटांनी मला आत बोलावलं.

"यांच्या घरी जागेवर तपासणी करायची आहे," साहेब म्हणाले. "पाळीपत्रकाप्रमाणे या आठवड्यात पाळी तुमची."

"सर, पण... नातेवाईकाच्या प्रकरणात कर्मचाऱ्याने..."

साहेबांनी नियमपुस्तक काढलं. "'नातेवाईक म्हणजे आई, वडील, पती अथवा पत्नी, अपत्य, भाऊ, बहीण.'" त्यांनी पान उलटून पाठीमागे पाहिलं. "सासू नाही यात. कुठेच नाही. तुम्ही मोकळे आहात."

बुधवारी सकाळी नऊ वाजता मी घरातून ऑफिसला गेलो, हजेरीपटावर सही केली, प्रयोगशाळेतल्या बाईंना आणि त्यांच्या बर्फाच्या पेटीला बरोबर घेतलं आणि अकरा वाजता परत घरी आलो. बेल वाजवली. सासूबाईंनी दार उघडलं.

"कोण आपण?"

"आई, मी."

"कोण मी?"

प्रयोगशाळेतल्या बाई बघत होत्या. मी घसा साफ केला. "पाणीपुरवठा खात्याकडून. तपासणीसाठी."

"ओळखपत्र?"

ओळखपत्र कालच्या शर्टात राहिलं होतं आणि शर्ट आतल्या खुंटीवर होता. बायको ते आतून घेऊन आली, तिने ते माझ्या हातात दिलं, मी ते सासूबाईंना दाखवलं, त्यांनी फोटो आणि मी असं दोनदा आळीपाळीने पाहिलं आणि मग मला माझ्या घरात घेतलं. तपासणीच्या फॉर्मवर एक रकाना असतो, 'तक्रारदाराचे वर्तन'. मी तो तूर्त मोकळा सोडला.

प्रयोगशाळेतल्या बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पहिला नमुना खाली, इमारतीच्या मीटरजवळ घेतला होता, जिथे खात्याचं पाणी आत येतं. दुसरा स्वयंपाकघरातल्या नळाचा घ्यायचा होता. बाटली निर्जंतुक, हात निर्जंतुक, आणि नळाचं तोंडही निर्जंतुक हवं, म्हणून ते आधी ज्योतीने शेकतात. त्यांनी स्पिरिटचा बोळा चिमट्यात धरून पेटवला.

"नळ धातूचाच आहे ना? प्लास्टिकचा असला तर शेकायचा नसतो, नुसता पुसायचा असतो."

नळ मीच निवडून आणला होता. चांदीसारखा चकाकणारा. घर दाखवताना मी पाहुण्यांना तो शेवटी दाखवत असे. "प्लास्टिक?" मी हसलो. "द्या इकडे, मीच शेकतो." सासूबाईंसमोर काहीतरी अधिकाराने करण्याची ही पहिलीच संधी होती.

मी ज्योत लावली. नळाने आधी मान खाली घातली. मग नाक लांब केलं. मग चांदीचा मुलामा सालासारखा सोलवटला, आतला पांढरा नळ मेणासारखा वाकला आणि भप्पकन पाण्याचा फवारा छतावर जाऊन आदळला. मी हाताने तोंड दाबायला गेलो तेव्हा तो आडवा झाला आणि सासूबाईंच्या कडक इस्त्रीवर गेला. लेक आजारी असूनही टाळ्या पिटत उभी राहिली. बायकोने बादली लावली, ती कुठे लावायची ते कुणालाच कळत नव्हतं, कारण पाणी सगळीकडूनच येत होतं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी शांतपणे बाटलीचं बूच काढलं, हात लांब करून फवाऱ्यात बाटली धरली, भरली, बूच लावलं, पेटीत ठेवली.

"वाहत्या पाण्याचाच हवा असतो," त्या म्हणाल्या. "नळ आता राहिला नाही तर शेकायचाही प्रश्न नाही."

"अहो, पाणी बंद करा आधी!" बायको ओरडली.

चावी गच्चीवर. म्हणजे गच्चीच्याही वर, जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर टाकी आहे, तिच्या बुडाशी. लोखंडी शिडीने चढावं लागतं. इमारतीत राहायला आल्यापासून मी त्या शिडीला हात लावला नव्हता. ओल्या चपलांनी मी वर चढलो, चावी घट्ट फिरवली, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि सहज टाकीत डोकावलो.

टाकीला झाकण नव्हतं. तिथे झाकण म्हणून कुणीतरी एक गोणपाट पसरून ठेवलं होतं. त्याचं अर्धं टोक काठावर होतं आणि उरलेलं पाण्यात बुडून, फुगून, हिरवं होऊन मजेत तरंगत होतं. त्यावर पिसं होती. कोपऱ्यात कबुतरांनी काटक्यांचा संसार मांडला होता. एक चेंडूही होता. मी तिथेच शिडीच्या टोकावर बसलो. भिजलेलं गोणपाट! सासूबाईंनी नाकाने अहवाल दिला होता, तोही पहिल्या घोटाआधी, आणि मी एकोणीस वर्षांचा अनुभव त्यांच्या तोंडावर फेकला होता.

खाली गच्चीत मीटरकाका बाटल्यांची कूस बदलत होते. वरून, त्या उंचीवरून, मला त्यांची काळी, मोठी, गोल थाळी पहिल्यांदाच पूर्ण दिसली. तिला कडेने खाच होती. मध्ये उचलायला कडी होती.

"काका," मी म्हणालो, "ही थाळी कुठून आणलीत?"

"ही? अहो, हे टाकीचं झाकण!" मीटरकाका आनंदाने म्हणाले. "काळं प्लास्टिक ऊन काय झकास धरतं! वर नुसतं पडून होतं. मी गोणपाट टाकलंय ना त्याच्या जागी."

पाणी शुद्ध करायला टाकीचं झाकण काढलेला मनुष्य, आणि त्या झाकणावर टाकीतल्याच पाण्याच्या सहा बाटल्या मांडून कौतुक करणारा मी.  मीटरकाका वर चढून आले, पिसं बाजूला सारून त्यांनी टाकीत पेन बुडवलं.

"बघा, दोनशे दहा!" ते म्हणाले. पण आवाजात पूर्वीचा दम नव्हता.

तोवर सासूबाई गच्चीवर पोचल्या होत्या. ओल्या, पण ताठ. त्यांनी वर पाहिलं नाही. जिन्याच्या खोलीच्या दाराला दोऱ्याने एक पुठ्ठा टांगलेला असतो, त्यावरचं त्या वाचत होत्या.

"'टाकी तपासून स्वच्छ केली.' तीन महिन्यांपूर्वी. त्याच्या तीन महिने आधी. दोन वर्षं दर तीन महिन्यांनी. जावईबापू, ही सही ओळखीची वाटते."

ती माझीच होती. मीटरकाका पुठ्ठा घेऊन घरी यायचे, चहा व्हायचा, ते म्हणायचे, "सेक्रेटरी, एक सही," आणि मी करायचो. ऑफिसात नमुना चार, घरी पुठ्ठा. चांगला हात बसला होता.

मी काहीतरी बोलणार होतो. लेक शिडीखाली येऊन उभी होती, ओल्या फ्रॉकमध्ये, कमरेला दोनदा आत घेतलेला पट्टा. ती पुठ्ठ्याकडे बघत होती. मी खाली उतरलो आणि झाडू कुठे मिळेल असं विचारलं.

रविवारी टाकी धुतली. नळकारागीर म्हणाला, मी पाइपवाला, आतलं काम माझं नाही, आणि सफाईवाल्याने पुढल्या महिन्यातली तारीख दिली. म्हणून आत मी उतरलो. पायजमा गुडघ्यापर्यंत, डोक्याला पंचा. गच्चीवर सगळी इमारत जमली होती. वहिनी म्हणत होत्या कोपऱ्यापासून सुरू करा, शिंपी म्हणत होता मधून. सासूबाई शिडीच्या टोकावर उभ्या राहून शस्त्रक्रिया चालल्यासारख्या हुकूम सोडत होत्या. "भिंती आधी. मग तळ. ब्रश हवा, हात नको. तो डाग अजून दिसतोय मला. तुम्हाला दिसत नाही कारण तुम्ही त्यावर उभे आहात." मीटरकाका बादल्या ओढत होते. कबुतरांचा संसार त्यांनी स्वतःच्या हाताने गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवला. एकदा धुतली, ब्लीचिंग पावडरीचं पाणी लावून ठेवली, काढून टाकलं, पुन्हा धुतली. मी बाहेर आलो तेव्हा माझ्यात आणि गाळात फरक करायला जवळून बघावं लागत होतं. झाकण बसवताना कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. वहिनींनी मात्र माझ्यापुढे चहा धरला, आणि पंचवीस मिनिटं उकळलाय असं सांगितलं.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. मीटरजवळचं पाणी निर्दोष. स्वयंपाकघरातलं पाणी, जंतूंमुळे, पिण्यास अयोग्य. म्हणजे खातं निर्दोष होतं. दोषी सेक्रेटरी होता. दोघांच्या मिळून एकाच पगारावर मी जगतो, त्यामुळे आनंद किती मानावा ते ठरेना.

लेक मात्र खरोखर बरी झाली. डॉक्टरांनी औषध पूर्ण करायला लावलं, आम्ही महिनाभर साधं, उकळून गार केलेलं पाणी दिलं, त्यात तुरटी नाही आणि ऊनही नाही. महिन्याच्या शेवटी बायकोने पट्ट्याची एक शिवण उसवली. दुसऱ्या शिवणीला लेकीने स्वतःच कात्री लावली, आणि फ्रॉकही कापला.

राहता राहिलं प्रकरण निकाली काढणं. त्याला तक्रारदाराचा अभिप्राय आणि सही लागते, त्याशिवाय फाईल बंद होत नाही. परत जायच्या दिवशी सासूबाईंची बॅग दाराशी होती, रिक्षा खाली उभी होती, आणि मी फॉर्म पुढे केला. त्यांनी आधी नवीन पितळी नळाचं पाणी पेल्यात घेतलं. उजेडासमोर धरलं. नाकाजवळ नेलं. प्यायल्या. मग टेबलापाशी बसून, औषधाच्या पट्टीच्या त्या अक्षरांत, अभिप्रायाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं, सही केली, कागद दुमडून माझ्या खिशात ठेवला आणि जाता जाता माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत त्यांनी कॉलर सरळ केल्याची ही पहिलीच वेळ.

तो कागद मी ऑफिसात जाऊन उलगडला. तोवर साहेब टेबलाशी येऊन उभे होते. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि वाचला. त्यात लिहिलं होतं, 'पाणी पिण्यास योग्य. जावई उकळून घ्यावा.'

साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं, अभिप्रायाच्या खाली एकच शब्द लिहिला आणि त्यावर तारखेसकट सही ठोकली.

'सहमत.'